एअर रायफल शिकताना पेलेटवर किती खर्च करावा?

प्रश्न असा आहे. डोंबिवलीहून वरळीच्या रेंजवर येणारा एक नवा नेमबाज क्लबच्या रायफलवर तीन महिने १० मीटर एअर रायफल शिकतो आहे. दर आठवड्याला पेलेटचा (शिशाच्या छर्र्यांचा) एक डबा संपतो आणि खर्च जाणवायला लागला आहे. परदेशातले लोक घरच्या घरी सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची, काडतुसं भरून पैसे वाचवतात, असे व्हिडिओ त्याने पाहिलेत. तसं काही इथे करता येईल का, आणि येत नसेल तर स्वस्तातले पेलेट कोणते घ्यावेत, हे त्याला हवं आहे.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच संपतं. काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं. त्याला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो आणि तो हौशी नेमबाजासाठी नाही. पुढे तुम्ही ५० मीटरवर गेलात तरी तिथे ०.२२ रिमफायर चालतं. त्याचा स्फोटक मसाला कडेच्या दुमडीत असतो आणि फायरिंग पिन ती कड चेचते, त्यामुळे काडतुसाचं रिकामं कवच पुन्हा भरण्याजोगं उरत नाही. शिवाय मॅचसाठीचं ०.२२ कारखान्यातूनच सबसॉनिक येतं, साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद. म्हणजे त्या व्हिडिओंतलं काहीही तुमच्या उपयोगाचं नाही.

एअर रायफल तर जन्मजात सबसॉनिक आहे. मॅच रायफलमधून ०.५३ ग्रॅमचा पेलेट १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघतो. मुंबईच्या ३० अंश तापमानात आवाजाचा वेग ३५० च्या जवळ असतो, म्हणजे आपण त्याच्या निम्म्यावर आहोत. ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल. भारतात ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, ती मर्यादा इथून बरीच लांब आहे. हे सांगायचं कारण एवढंच की काही डब्यांवर आणि रायफलच्या खोक्यांवर ‘११०० फूट, १२०० फूट प्रति सेकंद’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि नवा माणूस त्याला भुलतो. ११५० फूट म्हणजे ३५० मीटर. हलक्या मिश्रधातूचा पेलेट आवाजाच्या वेगाजवळ नेला की त्याच्याभोवतीची हवा खवळते, पेलेट डुलायला लागतो आणि ग्रुप, म्हणजे एका नेमाने मारलेल्या शॉटचा पुंजका, फाटतो. १० मीटरवर वेगाचा काहीच फायदा नाही. हवा असतो तो एकसारखेपणा.

आता मुद्द्यावर येऊ. पेलेटवर किती पैसे घालायचे हे पेलेटवरून ठरत नाही, तुमच्या आजच्या ग्रुपवरून ठरतं. थोडं गणित करू.

टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. पुढची प्रत्येक रिंग केंद्रापासून अडीच मिलिमीटरने बाहेर. दशांशात मोजलं तर ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर: केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आत १०.९, २.५ मिमीवर १०.०, ५ मिमीवर ९.०, ७.५ मिमीवर ८.०. तीन महिन्यांच्या नेमबाजाचे उभ्याने मारलेले दहा शॉट साधारण ३० मिमीच्या वर्तुळात पसरतात असं धरू. रायफल शिकंज्यात घट्ट बांधून मारली तरी पेलेटचा स्वतःचा असा काही पसारा उरतोच. समजा मधल्या दर्जाचा पेलेट ६ मिमी पसरतो आणि सगळ्यात महागडा ३ मिमी. दोन पसारे सरळ एकमेकांत मिळवायचे नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ३० आणि ६ मिळून ३०.६. ३० आणि ३ मिळून ३०.१५. म्हणजे महागडा डबा घेऊन वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी लहान झालं. स्कोअरवर ते दिसणारसुद्धा नाही.

हाच हिशेब ज्याचा स्वतःचा पसारा १० मिमीवर आलाय त्याच्यासाठी करा. १० आणि ६ मिळून ११.७, १० आणि ३ मिळून १०.४. सव्वा मिलिमीटर. ६० शॉटच्या स्पर्धेत, जिथे निवड एकदोन गुणांवर अडते, तिथे हा फरक पैसे देऊन विकत घेण्यासारखा आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्या पातळीवर पेलेटच्या बॅचवर घासाघीस होते ती याच कारणाने. तुमच्या पातळीवर तीच घासाघीस म्हणजे नुसती हौस.

मग सगळ्यात स्वस्त काहीही चालेल का? नाही, आणि कारण ग्रुपच्या आकाराचं नाही, शिकण्याचं आहे. शॉट सुटला त्या क्षणी साइट (नेम धरायचं साधन) कुठे होती ते मनात धरून ‘चार वाजता आठ’, म्हणजे घड्याळातल्या चारच्या दिशेला आठची रिंग, असा कॉल द्यायचा आणि मग मॉनिटरकडे बघायचं, हे पहिल्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण. कॉल आणि छिद्र जुळायला लागले की माणूस सुधारतो. हलक्या दर्जाच्या डब्यात दहात एकदोन पेलेट असे निघतात की कॉल चार वाजताचा आणि छिद्र अकरा वाजता. नवशिक्या समजतो, आपलं ट्रिगर चुकलं. तो चांगलं ट्रिगर बदलायला जातो, साइटला क्लिक देतो आणि महिनाभर नसलेल्या चुकीमागे धावतो. त्यामुळे नवशिक्याची कसोटी वेगळी: ग्रुप सहा-सात मिलिमीटरचा असला तरी चालेल, पण फ्लायर नको. दहा शॉटमध्ये नऊ एकत्र आणि एक बाहेर, असं करणारा डबा फुकट दिला तरी घेऊ नका.

डब्यावर काय वाचायचं ते आता. कॅलिबर ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी. तोंड चपटं हवं, याला वॅडकटर म्हणतात. तो कागदाला पंचसारखं स्वच्छ गोल छिद्र पाडतो. टोकदार किंवा गोल तोंडाचे छर्रे बाजारात जास्त दिसतात आणि स्वस्तही असतात, पण ते कागद फाडतात. छिद्राची कड रिंगला लागली की नाही यावर वाद होतात आणि पेपर टार्गेटवर छिद्र तपासायचं गेज नीट बसत नाही. स्टीलच्या गोळ्या रायफल्ड बॅरलमध्ये कधीच घालू नका. शिसं बॅरलच्या खाचांत मऊपणे बसतं, स्टील त्या खाचा खरवडतं. क्लबच्या रायफलमध्ये हे केलंत तर तुमच्या नंतरचे दहा जण भोगतील.

वजन दोन प्रकारचं मिळतं. रायफलसाठी ०.५३ ग्रॅम, पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.५० ग्रॅम. हलका पेलेट रायफलमध्ये चालत नाही असं नाही. काही बॅरलना तो छान जमतो आणि बहुतेक सरावाचे स्वस्त पेलेट याच वजनाचे असतात. फक्त दोन वजनं एकाच सत्रात मिसळू नका, उंची बदलते. तिसरा आकडा हेड साइझ, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. पेलेटचं डोकं बॅरलमधल्या उंचवट्यांवर टेकतं आणि मागची घेरदार बाजू, जिला स्कर्ट म्हणतात, हवेच्या दाबाने फुगून खाचांत बसते. डोकं ढिलं असेल तर पेलेट बॅरलमध्ये तिरका बसतो. फार घट्ट असेल तर भरताना शिसं खरवडलं जातं. भरताना अंगठ्याला एक मऊसर, पण नक्की जाणवणारा अडथळा लागला पाहिजे. आपोआप आत घरंगळत गेला तर साइझ लहान आहे. स्वस्त डब्यांवर हेड साइझ बहुधा छापलेलाच नसतो, त्यावरून काय ते समजा.

नावांबद्दल. आरडब्ल्यूएसमध्ये सगळ्यात वर आर-टेन मॅच, मध्ये माइस्टरकुगेल्न, खाली हॉबी आणि बेसिक. एच अँड एनमध्ये वर फिनाले मॅच. जेएसबीचेही मॅच पेलेट आहेत, पण त्यांचे ‘एक्झॅक्ट’ नावाचे गोल तोंडाचे पेलेट वेगळ्या कामाचे, ते चुकून उचलू नका. चिनी क्यूवायएस तीन दर्जांत येतात: ऑलिम्पिक, मॅच आणि ट्रेनिंग. नवशिक्याने बघायचा तो मधला मजला. माइस्टरकुगेल्न किंवा त्या तोडीचा कोणताही मॅच पेलेट पहिली दोन वर्षं पुरतो. त्याखालच्या दर्जात एखादा डबा सुरेख निघतो आणि पुढचा भिकार, म्हणून तो चाचणी केल्याशिवाय नको. पैशाचा अंदाज: रोज ८० शॉट, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ४०० शॉट. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर १९,२०० पेलेट, ५०० च्या डब्याने सुमारे ३९ डबे. दोन दर्जांतला फरक डब्यामागे ५०० रुपये असेल असं समजा, तर वर्षाला साडेएकोणीस हजारांचा फरक. त्यात बऱ्यापैकी वापरलेलं जॅकेट येतं, आणि जॅकेट तुमचा ३० मिमीचा पसारा जेवढा कमी करेल तेवढा कुठलाच पेलेट करणार नाही.

चाचणीबद्दल मात्र घाई नको, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. एकाच ब्रँडचा, एकाच नावाचा पेलेट दोन रायफलमध्ये वेगळा वागतो. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला पेलेट कोणता’ हा प्रश्न अर्धवट आहे, ‘या बॅरलला कोणता’ असं विचारायला हवं. तुम्ही क्लबची रायफल वापरता, तेव्हा आधी कोचला विचारा की त्या नंबरच्या रायफलमध्ये कोणते पेलेट आधी तपासले गेलेत. बहुतेक वेळा उत्तर तयार असतं आणि तुमचे दोनतीन डबे वाचतात. रोज वेगळी रायफल हाती येत असेल तर चाचणी करण्यात अर्थच नाही. आधी एकच रायफल मिळेल अशी विनंती करा.

चाचणी करायचीच असेल तर रायफल शिकंज्यात धरायची, जबड्यांना रबर लावलेला हवा. शिकंजा नसेल तर टेबलावर बसून पुढचं फोर-एंड वाळूच्या पिशवीवर आणि बटाखाली दुसरी लहान पिशवी. पीसीपी (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला धक्का नसतो, त्यामुळे असं टेकवून मारलेलं बऱ्यापैकी खरं असतं. पेलेट बदलला की पहिले पाचसहा शॉट मोजायचे नाहीत. बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा पातळ थर असतो, तो नव्या पेलेटचा व्हायला तेवढे शॉट लागतात. मग दहा शॉटचा ग्रुप, आणि असे तीन ग्रुप तीन वेगळ्या टार्गेटवर. पाच शॉटचा एकच सुंदर ग्रुप दाखवून डबा पास करणारे पुष्कळ भेटतील. पाच शॉटमध्ये फ्लायर लपून राहतो. शेवटी तिन्ही ग्रुपची सरासरी घ्यायची, सगळ्यात लहान ग्रुप निवडायचा नाही.

मापायला साधं व्हर्नियर कॅलिपर पुरे. दोन सगळ्यात दूरच्या छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा, हे केंद्र ते केंद्र माप. बाहेरचं माप ७ आलं तर ग्रुप अडीच मिलिमीटरचा, म्हणजे फार छान. ११ आलं तर साडेसहा, नवशिक्याला चालेल. १३ च्या पुढे गेलं किंवा एखादं छिद्र एकटंच बाहेर पडलं तर तो डबा सोडा. दोन डब्यांत एक मिलिमीटरपेक्षा कमी फरक असेल तर स्वस्त तो घ्या, तेवढा फरक तीस शॉटमध्ये खरा की योगायोग हे कळतच नाही. चाचणीच्या वेळी दाब एकसारखा ठेवा, सिलिंडर निम्म्यावर असताना एक पेलेट आणि भरलेला असताना दुसरा असं करू नका. आणि पंखा बंद करा. अर्ध्या ग्रॅमचा चपट्या तोंडाचा पेलेट आडव्या वाऱ्याला मुळीच दाद देत नाही असं नाही.

पास झालेल्या डब्याच्या मागे बॅच किंवा लॉट नंबर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच नंबरचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. चारपाच मित्र मिळून पेटी घेतली तर भावही पडतो. बॅच बदलली की नाव तेच असलं तरी पेलेट नवा समजायचा. जिल्हा, मग कॅप्टन इझिकेल स्मृती राज्य स्पर्धा, मग अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा असा हंगाम जवळ आला की चांगल्या बॅचेस दुकानातून दिसेनाशा होतात. आधीच सोय केलेली बरी.

एका गोष्टीवर लोक वेळ आणि पैसे फार उडवतात: प्रत्येक पेलेट तराजूवर वजन करणं. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.०१ ग्रॅमचा फरक धरला, म्हणजे साधारण २ टक्के. तेवढ्याने वेग एक टक्का बदलतो. १० मीटर जायला पेलेटला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण १७-१८ मिमी खाली येतो. वेग एक टक्का बदलला तर ही घसरण दोन टक्के बदलते, म्हणजे ०.३५ मिमी. गुणात सांगायचं तर दशांशाचा एक-दीड आकडा. ज्याची सरासरी ८.५ आहे त्याने यासाठी दागिन्यांचा काटा विकत घेणं म्हणजे तहान लागण्याआधीच विहिरीवर पंप बसवणं.

त्यापेक्षा डोळ्यांनी बघा. पेलेट चिमटीत धरून ट्यूबलाइटकडे स्कर्ट करा. कड अखंड गोल आहे की एखाद्या ठिकाणी आत दबलीय, हे नख लावलं तरी कळतं. शंका असेल तर काचेच्या तुकड्याला किंचित उतार देऊन त्यावर आडवा सोडा. डोकं आणि स्कर्टचा व्यास वेगळा असल्याने चांगला पेलेट एका सारख्या वळणाने घरंगळतो, दबलेला लंगडत जातो किंवा मध्येच थांबतो. डबाभर हे करायचं नसतं. स्पर्धेच्या दिवसाच्या ऐंशी-नव्वद पेलेटपुरतं केलं की झालं, बाकीचे सरावाला. दबलेल्या स्कर्टमागून हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला तोंडाशीच ढकलते. वर सांगितलेल्या बऱ्याच फ्लायरचं मूळ हेच असतं, आणि पुष्कळदा ते कारखान्यातलं नसून आपल्याच पिशवीतलं असतं.

डोंबिवली ते दादर सकाळच्या फास्टमध्ये सॅकच्या तळाशी अर्धा रिकामा डबा तासभर खुळखुळत आला, तर वरळीला पोचेपर्यंत त्यातले बरेच पेलेट मार खाऊन काळी पूड सोडतात. उपाय काडीमात्र खर्चाचा: डब्याच्या व्यासाची फोमची चकती कापायची आणि पेलेटवर दाबून झाकण लावायचं. पेलेट कमी होत जातील तशी दुसरी चकती टाकायची. पेलेट खिशात, किल्ल्यांबरोबर, कधीही नको. शूटिंग टेबलावर ओतून ठेवण्याऐवजी खाचांचा लहान ट्रे वापरा, प्रत्येक पेलेट डोकं खाली करून उभा राहतो आणि साठ मोजून घेता येतात.

मुंबईच्या हवेचं निराळंच दुखणं. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा काही आठवड्यांत पांढुरका होतो. ती पावडर शिशाचं क्षार आहे, विषारी आहे आणि पेलेटचं मापही बदलते. पांढरे झालेले पेलेट पुसून वापरण्याचा खटाटोप करू नका. नवा डबा झिपलॉक पिशवीत, बरोबर सिलिका जेलची पुडी, पुडीतले दाणे रंग बदलले की नवी. लाकडी कपाटात आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट नुकतंच लावलं असेल तिथे डबे ठेवू नका. लाकडातून आणि अशा सीलंटमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला वेगाने खातात. स्टीलचा डबा किंवा प्लास्टिकची पेटी बरी. रायफलच्या बाबतीत, ओलसर दिवशी घामाने भिजलेली रायफल फोमच्या केसमध्ये रात्रभर कोंडून ठेवू नका, फोम ओल धरून बसतो. घरी गेल्यावर काढून धातूचे भाग तेलाच्या किंचित ओल्या कापडाने पुसा. तेल कापडाला, बॅरलच्या आत नाही. उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत तेल गेलं तर ते पेट घेऊ शकतं आणि सील जातात. बॅरल साफ करायला फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या मागून घालून बाहेर काढतात. सरळ स्टीलचा गज तोंडाकडून खुपसला तर बॅरलचं तोंड, जिथे पेलेट शेवटचा टेकतो, तेच खराब होतं.

पेलेटवर दोष जातो पण चोर दुसराच असतो, अशी दोन कारणं नेहमी सापडतात. एक म्हणजे दाब. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्याखाली गेला की रेग्युलेटरला (दर शॉटला सारख्याच दाबाची हवा देणाऱ्या भागाला) पुरेशी हवा मिळत नाही, वेग घसरतो आणि शॉट एकेक करून खाली सरकतात. नेमबाज साइट वर क्लिक करत जातो, मग सिलिंडर भरला की सगळे शॉट एकदम वर. सत्राच्या सुरुवातीला आणि मध्यावर काट्याकडे नजर टाकायची सवय लावा. दुसरं, सैल स्क्रू. बट प्लेट, चीक पीस, मागचा साइट आणि स्टॉकचे बोल्ट महिन्यातून एकदा हाताने हलवून बघा. क्लबची रायफल दिवसातून अनेक हातांतून जाते. पेलेट बदलण्याआधी हे दोन्ही तपासले तर निम्म्या वेळा नवा डबा लागतच नाही.

खर्च वाचवायचा खरा मार्ग मात्र पेलेटच्या दर्जात नसून संख्येत आहे. मॅच पीसीपी रायफलला ड्राय फायरची सोय असते, पेलेट आणि हवा खर्च न करता ट्रिगर सुटतो. पहिल्या वर्षी ८० जिवंत शॉटऐवजी ४० जिवंत आणि ६० ड्राय, असं सत्र आखलं तर डबे निम्मे लागतात आणि होल्डिंग, म्हणजे रायफल स्थिर धरणं, जास्त लवकर बसतं, कारण छिद्राकडे बघण्याचा मोहच नसतो. घरी रायफल असेल तर १० मीटर अंतर मुंबईच्या फ्लॅटमध्ये मिळणं कठीण, पण पॅसेज आणि हॉल धरून ५ मीटर बहुतेकांना मिळतात. १० मीटरवर काळा भाग ३०.५ मिमीचा, म्हणून ५ मीटरवर सव्वापंधरा मिलिमीटरचं काळं वर्तुळ चिकटवा. खऱ्या टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असतं. तुमच्या खांद्यावरच्या रायफलची उंची १.५० मीटर असेल तर ५ मीटरवरचं वर्तुळ मधोमध, म्हणजे १.४५ मीटरवर लावा, म्हणजे रायफलचा कोन रेंजवरच्यासारखाच राहील. हे फक्त ड्रायसाठी आहे. आणि स्प्रिंगची रायफल असेल तर ड्राय मुळीच करू नका. पुढे पेलेटचा अडसर नसला की पिस्टन भिंतीवर आपटतो आणि सील फुटतो.

स्प्रिंगच्या स्वस्त रायफलवर घरी सराव करणाऱ्यांसाठी एवढंच: ती पेलेटच्या बाबतीत जास्त लहरी असते. तिला धक्का आहे, त्यामुळे शिकंज्यात आवळून घेतलेली चाचणी तिच्या बाबतीत खोटी ठरते, हातात सैल धरूनच ग्रुप मारावा लागतो. नवी असताना आतलं जास्तीचं तेल पेटून आवाज मोठा येतो, धूर दिसतो, ग्रुप विस्कळीत असतो. पहिले दोनशे-तीनशे शॉट होईपर्यंत कुठल्याच पेलेटवर शिक्का मारू नका. सोसायटीच्या बाल्कनीतून किंवा गच्चीवरून मारण्याचा तर विचारही नको. साडेसात ज्यूलचा पेलेटही डोळा घालवायला पुरतो.

वापरलेले पेलेट गोळा करून वितळवून पुन्हा ओतायचे, ही कल्पना दर वर्षी कोणीतरी काढतंच. नको. घरच्या गॅसवर शिसं वितळवलं की त्याची धूळ भांड्यांवर, ओट्यावर आणि मुलांच्या हातांवर बसते, आणि हाताने ओतलेल्या पेलेटचं माप शंभरावा मिलिमीटर सोडा, दहावाही पाळत नाही. ट्रॅपमधलं, म्हणजे टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीतलं, शिसं भंगारवाल्याला वजनावर जातं, क्लबला त्याचे चार पैसे मिळतात, तेवढं पुरे. ट्रॅप झाडूने कोरडा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि फडकं टाकून द्यायचं. सत्राच्या मध्ये वडापाव खायचा असेल तर आधी साबणाने हात धुवा. आणि भरण्याआधी पेलेट ओठांत धरून ठेवण्याची सवय कोणा पोराला लागलेली दिसली तर त्याच मिनिटाला थांबवा. डबा आणि टिफिन सॅकच्या एकाच कप्प्यात कधीही ठेवू नका.